फुटबॉलचा प्रेक्षक: मैदानातून हाकलला, पडद्यावर विकला

शनिवारी संध्याकाळी आमच्या तरुण मित्रांना बैठकीला बसवायचे म्हणजे कसरत असते. सहाला लिव्हरपूलचा सामना, साडेआठला आर्सेनलचा, मधल्या वेळात जमले तर चळवळ! एकदा आम्ही चिडून म्हणालो की हा सगळा भांडवलदारांचा बाजार आहे, त्यात तुमचे काय अडले आहे? त्यावर लाल जर्सी घातलेला एक कार्यकर्ता शांतपणे म्हणाला, "बाजार नसता तर हा खेळ आमच्या तालुक्यात आलाच नसता. टीव्हीने आणला. आम्हाला मैदानात कोण बोलवत होतं?"

या उत्तराने आम्ही काही काळ गप्प झालो, हे कबूल केले पाहिजे. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दूरदर्शन संचाने अनेक बंद दारे उघडली हे खरेच आहे. पण ज्या दाराने हा खेळ आपल्या घरात आला त्याच दाराने दुसरे कोणीतरी बाहेर ढकलले गेले. ते कोण होते? त्यांना कोणी ढकलले, कोणत्या कारणाने आणि कोणत्या साली? हा इतिहास जर्सी घालणाऱ्याला माहीत असला पाहिजे. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात इंग्लंडपासूनच करावी लागेल. १८६३ साली लंडनच्या एका खानावळीत फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. नियम लिहिणारे बहुतेक जण 'पब्लिक स्कूल'मध्ये शिकलेले होते. नाव पब्लिक, पण या शाळा श्रीमंतांच्या खासगी! सुरुवातीची वीस वर्षे खेळही त्यांचा आणि करंडकही त्यांचा. १८८३ साली मात्र विपरीत घडले. एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या गिरणीगावच्या संघाने ओल्ड इटोनियन्सचा, म्हणजे ईटन या सर्वांत उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, २-१ असा पराभव केला. ऑलिम्पिकच्या संघात विणकर होते, सूतगिरणीतले कामगार होते, नळकाम करणारा होता. त्यानंतर त्या शाळांच्या एकाही संघाला हा करंडक पुन्हा जिंकता आला नाही.

मग साहेब लोकांनी काय केले? खेळासाठी पैसे घेणे हे हीनपणाचे आहे, असा ओरडा सुरू केला. ज्याच्या बापाची जमीनदारी आहे त्याला हौशी राहणे परवडते. ज्याचा शनिवारचा रोजगार बुडतो त्याने काय खावे? 'हौशीपणा' हे मूल्य नव्हते, ते कुंपण होते. कामगारांच्या क्लबांनी ते मोडले. १८८५ साली पैसे घेऊन खेळण्याला मान्यता मिळाली आणि १८८८ साली १२ क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. ते बाराही क्लब उत्तरेकडच्या आणि मध्य इंग्लंडच्या औद्योगिक पट्ट्यातले होते, लंडनचा एकही नव्हता.

आज जगभर ज्यांच्या जर्सी विकल्या जातात त्या क्लबांची जन्मपत्रिका पाहा. मँचेस्टर युनायटेड म्हणजे मूळचा न्यूटन हीथ, रेल्वेच्या डबे बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचा संघ, १८७८ सालचा. आर्सेनल हा वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी १८८६ साली काढलेला. वेस्ट हॅमची मुळे थेम्स नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यात. आणि सामना शनिवारी दुपारी तीनलाच का? कारण १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मजुरांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक केले. त्यांच्याशिवाय गिरणी चालत नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांसाठीच थांबू लागली. दोनला भोंगा, तीनला सामना. ती वेळ कामगारांनी लढून मिळवलेल्या अर्ध्या सुट्टीची होती. पुढे ती कोणी हिरावली, ते ओघाने येईलच.

गैरसमज नको. त्या काळी क्लबांवर सत्ता कामगारांची होती असे आम्ही म्हणत नाही. संचालक मंडळात गिरणीमालक, दारूच्या भट्ट्यांचे मालक, व्यापारी बसत. खेळाडू तर जवळजवळ बांधील मजूर होता. १९०१ पासून त्याच्या पगारावर कमाल मर्यादा होती, ती जानेवारी १९६१ मध्ये संपाच्या धमकीनंतर उठली. करार संपला तरी क्लब त्याला धरून ठेवू शकत असे. ही पद्धत जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने कोर्टात आव्हान दिल्यावर १९६३ साली ढिली झाली. पण मालकांवरही एक बंधन होते. असोसिएशनच्या नियमाप्रमाणे क्लबच्या भागधारकांना मिळणारा नफा मर्यादित होता आणि संचालकांना पगार घेता येत नव्हता. क्लब हे पैसे काढण्याचे यंत्र नाही, हे निदान कागदावर तरी मान्य होते.

आणि प्रेक्षक? गोलच्या मागे 'टेरेस' असत, म्हणजे काँक्रीटच्या चढत्या पायऱ्या. बसायला जागा नाही, नुसते उभे राहायचे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना ज्यांनी पाहिला आहे, पेठेच्या पेठ कशी ओरडत उतरते हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना टेरेस म्हणजे काय ते जास्त समजावून सांगायला नको. शेजारी शेजारी राहणारे, एकाच पाळीत राबणारे, बाप आणि मुलगा, सगळे खांद्याला खांदा लावून. गाणी तिथेच रचली जात. लिव्हरपूलच्या 'कॉप' या एकाच टेरेसवर एके काळी पंचवीस हजारांहून अधिक माणसे मावत. तिकीट स्वस्त, त्यामुळे आदल्या दिवशी ठरवायची गरज नव्हती. खिशात चार नाणी असली की रांगेत उभे राहायचे.

टीव्हीची कथा मजेशीर आहे. आज जे क्लब टीव्हीसाठी जीव टाकतात ते तेव्हा टीव्हीला घाबरत. घरबसल्या सामना दिसला तर दारावर पैसे कोण देणार? सप्टेंबर १९६० मध्ये ब्लॅकपूल आणि बोल्टन यांचा लीग सामना आयटीव्हीने थेट दाखवला आणि तो प्रयोग तिथेच गुंडाळला गेला. १९६४ साली बीबीसीने 'मॅच ऑफ द डे' सुरू केले, तेही रात्री आणि फक्त निवडक भाग दाखवून. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत थेट प्रक्षेपण नाही, ही बंदी त्या काळातली. लीगचे सामने नियमितपणे थेट दिसू लागले ते १९८३ पासून. त्याच साली टॉटनहॅम हा क्लब शेअर बाजारात उतरला. नफ्यावर मर्यादा घालणारा नियम मोडला नाही, फक्त क्लबच्या डोक्यावर एक कंपनी बसवली आणि नियम क्लबपुरता राहिला! कायदा न मोडता कायद्याला कसे मारतात याचे हे चांगले उदाहरण आहे. त्याच साली आणखी एक बदल झाला. तोवर दारावरच्या कमाईतला वाटा पाहुण्या संघालाही मिळे. आता सगळी कमाई यजमानाच्या खिशात. मोठ्या शहराचा क्लब आणखी मोठा होणार, हे तिथेच ठरले.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो ज्यावाचून हा इतिहास समजत नाही.

१९८० चे दशक हे थॅचरबाईंचे. खाणी बंद, गोद्या बंद, संप मोडलेले. मैदाने जुनाट. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डला लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसे मेली. त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी धावून जाऊन केलेल्या हल्ल्यानंतर भिंत कोसळली आणि ३९ जण दगावले, त्यातले बहुतेक इटलीचे. हा डाग त्या समर्थकांवर आहे आणि तो आम्ही झाकणार नाही. पण याच मे महिन्यात लंडनच्या 'संडे टाइम्स'ने अग्रलेखात जे लिहिले तेही लक्षात ठेवा: फुटबॉल हा झोपडपट्टीचा खेळ, झोपडपट्टीच्या मैदानांवर चालणारा आणि दिवसेंदिवस झोपडपट्टीच्या माणसांनीच पाहिलेला. झोपडपट्टी हा शब्द शिवी म्हणून वापरला की तो कसा लागतो, हे आमच्या वाचकाला आम्ही काय सांगावे! या वृत्तपत्राचे मालक होते रूपर्ट मर्डोक. हे नाव पुन्हा येणार आहे.

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड शहरातले हिल्सबरो मैदान. एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना मैदानाची एक अरुंद बाजू दिलेली. दारावर गर्दी वाढली तेव्हा पोलिसांनी बाहेर पडण्याचे एक मोठे फाटक उघडायला लावले, पण आतला बोगदा बंद केला नाही. लोक थेट त्या बोगद्यातून मधल्या पिंजऱ्यांत शिरले, जे आधीच भरलेले होते. आम्ही पिंजरा म्हणतो ते अलंकार म्हणून नव्हे. प्रेक्षक मैदानात उतरू नयेत म्हणून समोर उंच लोखंडी जाळी होती, बाजूलाही जाळी होती. माणसे उभ्या उभ्या गुदमरली. सामना सुरू झाल्यावर सहा मिनिटांनी थांबवला गेला. अखेर बळींची संख्या ९७ झाली. त्यातला शेवटचा बळी ३२ वर्षे जखमांशी झुंजून २०२१ साली गेला. सर्वांत लहान मुलगा १० वर्षांचा होता.

चार दिवसांनी 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर 'सत्य' असे मथळा देऊन छापले की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. सगळे खोटे. हे वृत्तपत्रही मर्डोक यांचेच. लिव्हरपूल शहरात आजही अनेक दुकानदार ते विकायला ठेवत नाहीत. मृतांच्या कुटुंबीयांनी २७ वर्षे लढा दिला. २०१२ साली स्वतंत्र समितीने दाखवून दिले की पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलले गेले होते आणि त्यांतल्या ११६ मधून पोलिसांना अडचणीची वाक्ये काढून टाकली होती. २०१६ साली ज्यूरीने सांगितले की ही माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा यात काही दोष नव्हता. तरीही त्या दिवशी बंदोबस्ताचे प्रमुख असलेले अधिकारी २०१९ साली निर्दोष सुटले. न्याय कागदावर मिळाला, तुरुंगाचे दार मात्र कोणासाठी उघडले नाही.

या दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. त्यांनी दोष प्रामुख्याने पोलिसांच्या नियंत्रणावर आधीच ठेवला होता. आता उपाय म्हणून सांगितले की मोठ्या मैदानांवर उभ्याच्या जागा काढून सर्वत्र आसने बसवा. ही शिफारस सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. टेलर यांनी लिहिले होते की आसने बसवली म्हणून तिकिटे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाण्याचे कारण नाही. त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला, जिथे बसण्याचे तिकीट ६ पौंड आणि उभ्याचे ४ पौंड होते. म्हणजे फरक फक्त दोन पौंडांचा!

अहवालातले सोयीचे तेवढे उचलायचे आणि गैरसोयीचे गाडायचे, ही राज्यकर्त्यांची जुनी खोड. आसने आली. त्यांच्यासाठी सरकारने फुटबॉलच्या सट्ट्यावरचा कर कमी करून सुमारे १० कोटी पौंड सार्वजनिक पैसा उपलब्ध करून दिला. तिकिटांबद्दलचा परिच्छेद मात्र कपाटात गेला. त्या वेळी कॉपवर उभे राहण्याचे तिकीट सुमारे ४ पौंड होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच क्लबने नव्या स्टँडमधली काही तिकिटे ७७ पौंडांना जाहीर केली. या २६ वर्षांत महागाई काही १९ पट झाली नाही.

हे आपोआप घडले का? बिलकूल नाही. १९९१ साली फुटबॉल असोसिएशनने भविष्याचा आराखडा म्हणून एक दस्तऐवज काढला. त्यात सल्ला होता की इतर उद्योग जसे सुखवस्तू मध्यमवर्गीय ग्राहकाच्या मागे जात आहेत तसा बोध फुटबॉलनेही घ्यावा. प्रेक्षक बदलायचा हे ठरवून केलेले काम होते. मग २२ मोठ्या क्लबांनी जुन्या लीगमधून बाहेर पडून १९९२ साली प्रीमियर लीग काढली. कारण काय? जुन्या पद्धतीत टीव्हीचा पैसा चारही विभागांतल्या ९२ क्लबांत वाटावा लागे. आता वाटायचा नव्हता.

१८ मे १९९२ रोजी प्रक्षेपणाच्या हक्कांवर मतदान झाले. एका बाजूला आयटीव्ही, जे कोणत्याही घरात फुकट दिसे. दुसऱ्या बाजूला बीस्काय ही उपग्रह वाहिनी, जिच्यासाठी छपरावर तबकडी आणि दरमहा पैसे लागत. तबकड्या बनवणारी एक कंपनी टॉटनहॅमचे अध्यक्ष अॅलन शुगर यांची होती. शुगर यांनी मतदान स्कायच्या बाजूने केले. निकाल १४ विरुद्ध ६, दोन तटस्थ. दोन तृतीयांश बहुमत हवे होते. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर गणित फसले असते! पाच वर्षांच्या कराराचा आकडा ३० कोटी ४० लाख पौंड असा जाहीर झाला. आधीच्या चार वर्षांच्या कराराचा होता ४ कोटी ४० लाख.

आणि ही स्काय कोणाची? रूपर्ट मर्डोक यांची. ज्या घराण्याच्या वृत्तपत्रांनी प्रेक्षकाला झोपडपट्टीचा माणूस म्हटले, मेलेल्यांचे खिसे कापणारा म्हटले, त्याच घराण्याने तीन वर्षांनी त्याचा खेळ विकत घेतला आणि त्यालाच दरमहा भाड्याने दिला. आम्ही याला कट म्हणत नाही. कटाची गरजच नव्हती. प्रेक्षक बदनाम असला की त्याला विचारायची गरज उरत नाही, एवढे पुरेसे होते.

आता आमच्या लाल जर्सीवाल्या मित्राचा मुद्दा पुन्हा घेऊ. "आम्हाला मैदानात कोण बोलवत होतं?" जुन्या टेरेसचे गोडवे गाणाऱ्या इंग्रज समर्थकांनाही हा प्रश्न विचारावा लागतो. कारण ती सगळ्यांची जागा नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेस्ट ब्रॉमविचमध्ये सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन हे तिघे कृष्णवर्णीय खेळाडू खेळू लागले तेव्हा टेरेसवरून माकडाचे आवाज काढले जात. १९८८ साली एव्हर्टनच्या मैदानावर लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सच्या पायाशी केळे फेकले गेले आणि त्याने ते टाचेने बाजूला सारले. वर्णद्वेषी संघटना दारात पत्रके विकत. दक्षिण आशियाई कुटुंब सामन्याच्या दिवशी त्या रस्त्यावरून जायलाही घाबरे. खांद्याला खांदा लावणाऱ्यांत कोणाचा खांदा चालत नव्हता, हे विसरून 'लोकांचा खेळ' म्हणणे हा भाबडेपणा आहे. समुदाय म्हटले की हुरळून जायचे नाही, त्या समुदायाच्या वेशीबाहेर कोण उभे आहे ते आधी पाहायचे, एवढे तर आम्ही शिकलो आहोत.

मग बाजाराने ही घाण साफ केली का? काही जण तसे सांगतात. आसने आली, कॅमेरे आले, स्त्रिया आणि लहान मुले निर्धास्त येऊ लागली, हे खरे आहे. पण वर्णद्वेषाविरुद्धचे काम बाजाराच्या आधी सुरू झाले होते. लीड्सचे समर्थक १९८० च्या दशकातच आपल्याच मैदानाबाहेर उभे राहून विरोधी पत्रके वाटत होते. १९९१ च्या कायद्याने वर्णद्वेषी घोषणा हा गुन्हा ठरला, तोही एकापेक्षा अधिक जणांनी मिळून दिल्या तरच! एकट्याने ओरडल्यास गुन्हा, ही दुरुस्ती १९९९ साली आली. 'किक इट आउट'ची मोहीम १९९३ सालची. आणि २०२१ च्या युरो स्पर्धेत पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन कृष्णवर्णीय तरुणांना जी शिवीगाळ झाली ती महागडी तिकिटे असलेल्या काळातच झाली. तिकीट महाग केल्याने द्वेष जात नाही, तो मोबाइलवर जातो. सुरक्षितता हवीच होती, पण तिच्यासाठी गरिबाला बाहेर काढणे आवश्यक नव्हते. टेलर यांनी आयब्रॉक्सचा दाखला याचसाठी दिला होता.

आता वेळेकडे या. शनिवारी तीनची वेळ गेली. सोमवारी रात्री, रविवारी दुपारी, शुक्रवारी, शनिवारी साडेबाराला, साडेपाचला, जसे वाहिनी सांगेल तसे. न्यूकॅसलचा समर्थक लंडनच्या साडेबाराच्या सामन्यासाठी पहाटे घर सोडतो. सोमवारी रात्रीच्या सामन्यानंतर परतीची शेवटची गाडी निघून गेलेली असते. आधी काढलेले रेल्वेचे तिकीट सामन्याची वेळ बदलली की वाया. आणि साडेबारा ही वेळ इतकी सोयीची कोणाला? आपल्याला! त्यांचे साडेबारा म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे सहा. आशियातला प्रेक्षक जागा असतो, चहा घेऊन बसलेला असतो. २०१६ च्या हंगामापासून तीन वर्षांसाठी ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे हक्क ५१३ कोटी पौंडांहून अधिक किमतीला गेले. पुढे २०२२ पासूनच्या करारांत परदेशातून येणारा पैसा देशातल्या पैशाला मागे टाकून गेला. म्हणजे आपण फक्त पाहत नाही आहोत, आपण त्या बाजाराचा मोठा आधार आहोत.

त्यातही एक गंमत आहे. शनिवारी तीनच्या सामन्यावरची जुनी प्रक्षेपणबंदी इंग्लंडमध्ये अजून चालू आहे. त्यामुळे तीनला होणारा सामना परभणीच्या पोराला साडेआठला थेट दिसतो, पण ज्याच्या घराच्या खिडकीतून स्टेडियमचे दिवे दिसतात आणि ज्याला तिकीट परवडत नाही, त्याला तो सामना घरी कायदेशीरपणे दिसत नाही. पोर्टस्मथच्या करेन मर्फी या पबचालक बाईंनी स्वस्त पडते म्हणून ग्रीक वाहिनीचे कार्ड लावले तर त्यांच्यावर खटला भरला गेला. प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ साली त्यांच्या बाजूने लागले. स्वतःच्या गावचा खेळ पाहण्यासाठी ग्रीसमार्गे जावे लागले!

२०२० साली करोनामुळे मैदाने रिकामी झाली तेव्हा झाकलेले उघडे पडले. जूनमध्ये सामने सुरू झाले, पण शांततेत. पडद्यावर ते इतके निर्जीव दिसले की वाहिन्यांनी संगणकीय खेळासाठी ध्वनिमुद्रित केलेला गर्दीचा आवाज सामन्यावर चढवला. ज्या आवाजाला पूर्वी गुंडांचा आवाज म्हणत, तोच आता माल विकण्यासाठी उसना आणावा लागला. तो आवाज ज्यांच्या गळ्यातून आला त्यांना त्याचा मोबदला मिळाला नाही, हे वेगळे सांगायला नको.

पण हा प्रेक्षक नुसता रडत बसलेला नाही, म्हणूनच आम्हाला त्याच्यावर लिहावेसे वाटले. १९९८ साली मर्डोक यांच्या बीस्कायने मँचेस्टर युनायटेड हा क्लबच ६२ कोटी ३० लाख पौंडांना विकत घ्यायचे ठरवले. समर्थकांनी सभा घेतल्या, शेअर जमवले, मक्तेदारी आयोगापुढे लेखी बाजू मांडली आणि एप्रिल १९९९ मध्ये सरकारने तो व्यवहार रोखला. २००५ साली मात्र ते हरले. अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातले ५० कोटींहून अधिक कर्ज होते आणि कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर टाकला. म्हणजे घर विकत घ्यायचे आणि हप्ते भाडेकरूने फेडायचे. तेव्हा काही हजार समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला, शिडीच्या दहाव्या पायरीवरून. एक सभासद, एक मत. कितीही पैसे दिलेत तरी मत एकच. या तत्त्वाचे मोल आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

वर सांगितलेल्या ७७ पौंडांच्या तिकिटाचेही असेच झाले. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला अॅनफिल्डमधून हजारो माणसे उठून चालू लागली. लिव्हरपूल २-० असे पुढे होते, शेवट २-२ झाला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्या हंगामानंतर पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला संपूर्ण लीगमध्ये ३० पौंडांची कमाल मर्यादा लागली, तीही समर्थकांच्या मोहिमेमुळेच. एप्रिल २०२१ मध्ये १२ बड्या क्लबांनी बंदिस्त 'सुपर लीग' जाहीर केली तेव्हा चेल्सीचे समर्थक रस्त्यावर बसले आणि दोन दिवसांत सहाही इंग्रज क्लब मागे फिरले. पुढे २०२५ साली फुटबॉलच्या कारभारासाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा ब्रिटिश संसदेने केला. जर्मनीत तर क्लबची बहुमताची मते सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे, आणि तिथल्या प्रेक्षकांनी २०२४ साली मैदानात टेनिसचे चेंडू फेकून फेकून गुंतवणूकदारांना हिस्सा विकण्याचा बेत हाणून पाडला.

गोव्याच्या वाचकांना यातले काही ओळखीचे वाटेल. २०१० साली आपल्या महासंघाने १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना खेळाचे व्यावसायिक हक्क एका कंपनीला दिले. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग आली, तारे-तारका घेऊन आणि खालून वर चढण्याची शिडी न ठेवता. २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे क्लब निषेध करून आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो. २०२५ च्या जुलैत, करार संपत आला तेव्हा, कंपनीने पुढचा हंगाम थांबवून ठेवत असल्याचे क्लबांना कळवले. ज्यांनी शिडी काढली त्यांनी छप्परही सोबत नेले. यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

शेवटी विम्बल्डन. दक्षिण लंडनचा हा छोटा क्लब १९७७ साली लीगमध्ये आला आणि १९८८ साली बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला. टेलर अहवालानंतर त्यांचे जुने मैदान प्लाऊ लेन आसनांच्या अटीत बसेना, म्हणून १९९१ साली ते सोडून क्लब दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळू लागला. जुन्या जागेवर पुढे सदनिका उभ्या राहिल्या. मालकांना मात्र मोठी बाजारपेठ हवी होती. मे २००२ मध्ये असोसिएशनने नेमलेल्या आयोगाने क्लब सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवायला परवानगी दिली. दुकान हलवावे तसा क्लब हलवला! समर्थकांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन स्थापन केला. खेळाडू निवडायला पैसे नव्हते, म्हणून विम्बल्डनच्या सार्वजनिक माळावर खुली चाचणी घेतली, कोणीही यावे. नवव्या पायरीवरून सुरुवात करून २०११ साली त्यांनी फुटबॉल लीग गाठली. मग प्लाऊ लेनवरच, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, नवे मैदान बांधायला घेतले. पैसे कमी पडले तेव्हा बाहेरचा मालक आत घ्यायचा की नाही यावर वाद झाला आणि समर्थकांनीच रोखे घेऊन लाखो पौंड उभे केले.

३ नोव्हेंबर २०२० रोजी तिथे पहिला सामना झाला. २९ वर्षांनी क्लब घरी परतला होता. करोनाची बंदी होती, एकाही प्रेक्षकाला आत सोडले नाही. ज्यांनी आपल्या बचतीतून ते मैदान उभारले होते त्यांनी तो सामना घरी बसून पडद्यावर पाहिला.